तीन मारिया आणि सोळा दिवे

चहा तिसऱ्यांदा उकळला, पाव दुसऱ्यांदा भाजून झाला, तरी एदेल्मिरा आत येईना. ती अंगणाच्या मधोमध मान मागे टाकून, हातात जपमाळ घेऊन उभी होती. दाराच्या चौकटीला टेकून अबेलिनो तिच्याकडे बघत होता. त्याच्याही पोटात सकाळपासून काही नव्हतं. बायको उपाशी असताना आपण जेवायचं नाही, हा त्याचा स्वतःचा नियम. आठ वर्षांपूर्वी भावनेच्या भरात त्याने तो केला होता, आणि दर जानेवारीत नऊ दिवस त्याला त्याचा पश्चात्ताप होई.

“दिसल्या का गं, म्हातारे?”

“नाही.”

“एखादी तरी?”

“एखादीने भागत नाही. तिघी हव्यात.”

नवस तसा साधा होता. अबेलिनो अक्रोडाच्या झाडावरून पडला, डाव्या पायाचा पार चुरा झाला, आणि मोठ्या इस्पितळातला डॉक्टर पाय कापायची भाषा बोलू लागला. तेव्हा एदेल्मिराने चर्चमधल्या कान्देलारिया मरियामाउलीपुढे गुडघे टेकून सांगितलं, की पाय राहू दे. मग नऊ वर्षं, तुझ्या सणाआधीच्या नऊ संध्याकाळी, मी माझ्याच अंगणातून, माझ्याच डोळ्यांनी आकाशातल्या तीन मारिया बघीन, तीनदा ‘नमो मरिया’ म्हणेन, आणि मगच तोंडात घास घालीन. एवढ्यावर थांबली असती तर बरं झालं असतं. पण मागणं मोठं होतं, म्हणून तिने आपणहून पुस्ती जोडली: एक जरी संध्याकाळ चुकली, तर पुन्हा पहिल्या वर्षापासून सुरुवात.

पाय राहिला. आठ वर्षं बिनबोभाट पार पडली. सान लाउरोच्या खोऱ्यात जानेवारीत ढग म्हणून येत नाहीत. एका ओळीत बसलेल्या त्या तीन चांदण्या अंधार पडता पडता डोक्यावर हजर असायच्या, अगदी घरच्या माणसांसारख्या. हे नववं वर्ष, शेवटचं. आणि त्यातली ही पहिलीच संध्याकाळ.

आज मात्र अंगणासमोरच्या चौकात चर्चचा मनोरा सोळा नव्या दिव्यांनी पायापासून टोकापर्यंत उजळून निघाला होता. दिवे जमिनीत पुरलेले, तोंडं सरळ वर. मनोरा लग्नातल्या केकसारखा पांढराफेक दिसत होता, आणि त्याच्या वरचं आकाशही कुणी दुधात पीठ कालवून पसरल्यासारखं झालं होतं. परसातला कोंबडा दोनदा आरवला आणि आपलं काहीतरी चुकतंय असं वाटून गप्प बसला.

“कुणाच्या डोक्यातून निघाले हे दिवे!” भुकेने कावलेला अबेलिनो म्हणाला, आणि म्हटल्यावर त्याने जीभ चावली.

कारण दिवे समितीची अध्यक्ष एदेल्मिराच होती. दोन वर्षं ती दारोदार फिरली होती, केक करून विकले होते, सहा वेळा बिंगो भरवला होता. माउलीचा मनोरा वरच्या घाटातून दिसला पाहिजे, एवढंच तिच्या मनात होतं. डोंगरावरच्या वेधशाळेतून यास्ना नावाची एक इंजिनिअर मुलगी पत्र घेऊन सभेला आली होती. दिव्यांची तोंडं खाली करा, रंग पिवळसर घ्या, आकाश उजळलं की आम्हाला वर काही दिसत नाही, असं बिचारी हात जोडून सांगत होती. एदेल्मिराने तिला केकचा मोठा तुकडा दिला आणि पत्राची नीट घडी घालून ठेवली. मग क्लोरिंदा उठली होती. क्लोरिंदा म्हणजे एदेल्मिराच्या मुलीची धर्ममाता, म्हणून दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणत, आणि त्या नात्याच्या हक्काने चाळीस वर्षं प्रत्येक गोष्टीत भांडत.

“कोमाद्रे,” ती भर सभेत म्हणाली होती, “पोरगी खरं बोलतेय. उद्या चांदण्या दिसल्या नाहीत तर काय करशील?”

“माउलीच्या पुढे चांदण्यांची काय मातब्बरी!” एदेल्मिरा हळू आवाजात म्हणाली होती. सभेने टाळ्या वाजवल्या होत्या. आणि आज संध्याकाळी, सगळ्या गावासमोर, दिव्यांचं बटण तिनेच दाबलं होतं.

“नगराध्यक्षांना जाऊन सांग ना,” अबेलिनो म्हणाला. “दहा मिनिटं बंद करा म्हणावं.”

“आणि क्लोरिंदाला काय सांगू?”

 अबेलिनो लंगडत चुलीकडे गेला आणि धुराड्याचा लांब पत्र्याचा नळ उपसून घेऊन आला.

“यातून बघ. बाजूचा उजेड डोळ्यांत जाणार नाही. खाणीच्या तळातून भरदुपारी चांदण्या दिसतात म्हणायचे आमच्यातले जुने लोक.”

“तुला दिसल्या होत्या?”

“मी तळाशी काम करायला जायचो. वर बघायला नव्हे.”

अबेलिनोने नळ खांद्यावर पेलला, एदेल्मिराने खालच्या तोंडाला डोळा लावला. “डावीकडे... अजून... फार झालं. दिसली! एक दिसली. दोन! थांब, हलू नकोस.”

“मी हलत नाहीये, माझं पोट हलतंय.”

“गेली. तिसरी येते तर पहिली जाते.”

पाऊण तास हा खेळ चालला. दोन मारिया नळात मावत होत्या, तिसरी काही केल्या आत येत नव्हती. शेवटी अबेलिनोचा खांदा भरून आला, नळ भिंतीवर आदळला, आणि आतली सगळी काजळी एदेल्मिराच्या तोंडावर आली. तिने गळ्यातल्या शालीने डोळे पुसले आणि ती पायरीवर बसली. तिचा तो काळा, शांत चेहरा बघून अबेलिनो आत गेला. त्याने खुंटीवरचा आपला खाणीतला दिवा काढला. हातभर लांबीचा, डोंगराच्या पोटात उजेड पाडणारा दिवा.

“कुठे चाललास?”

“त्या दिव्यांवर टाकायला गोणपाटं मिळतात का बघतो.”

भिंतीवर चढून त्याने झोत चौकाकडे फिरवला. झोत मनोऱ्याच्या पायथ्यावरून सरकत सरकत एका लहानशा करड्या खोक्यावर थांबला. दुपारी वीजवाल्याने सगळ्यांना मोठ्या कौतुकाने दाखवलेलं तेच हे खोकं: अंधार पडला की दिवे आपोआप लागणार, सकाळ झाली की आपोआप विझणार, माणसाने हात लावायची गरजच नाही.

खोक्याला वाटलं, सकाळ झाली.

सोळाच्या सोळा दिवे एकदम गेले. चौकातून “ओहो!” असा आवाज उठला. आणि वर, जणू कुणी ओली पाटी फडक्याने पुसावी, तसं काळंभोर आकाश उघडं पडलं. मधोमध तिघी बसल्या होत्या.

“नमो मरिया, कृपापूर्णे...” एदेल्मिरा उभी राहून पुटपुटू लागली.

“भरभर म्हण!” अबेलिनो भिंतीवरून दबक्या आवाजात ओरडला. “हात थरथरतोय माझा.”

“देवाचं नाव भरभर घेत नाहीत,” ती म्हणाली, आणि तीनही वेळा सावकाश म्हणूनच तिने क्रूसाची खूण केली. अबेलिनोने दिवा विझवला. खोक्याला वाटलं, रात्र झाली. मनोरा पुन्हा लख्ख उजळला. पाव भाजून भाजून दगड झाला होता, तरी त्या दिवशीइतका गोड पाव आपण कधी खाल्ला नाही, असं अबेलिनो नंतर सांगायचा.

दुसऱ्या संध्याकाळी तेच झालं. तिसऱ्या दिवशी सकाळी क्लोरिंदा दारात उभी.

“कोमाद्रे, ऐकलंस का? माउली डोळे मिटते!”

एदेल्मिराच्या हातून अवोकाडो निसटला.

“दिवस मावळल्यावर, रोज एकाच वेळी. तीनदा नमो मरिया म्हणून होईपर्यंत मनोरा अंधारात. मी स्वतः मोजलं. मग पुन्हा उजेड. गावात दुसरा विषय नाही. मी आजपासून चौकात एम्पानादा तळायला बसतेय, लोकांना भूक लागते ना. तू सांग, तुझ्या अंगणातून कसं दिसतं?”

“मी... मी जप करत असते गं त्या वेळी.”

“हो, तू जपच करत असशील,” क्लोरिंदा म्हणाली आणि भिंतीकडे, मग अबेलिनोकडे, मग पुन्हा भिंतीकडे बघून निघून गेली.

चौथ्या संध्याकाळी चौकात पन्नास माणसं होती. पाचव्या संध्याकाळी दोनशे. लोक घरून खुर्च्या आणत होते, बाया पोरांना कडेवर घेऊन येत होत्या, आणि दिवे गेले की सगळा चौक एका सुरात नमो मरिया म्हणत होता. अबेलिनोची पंचाईत अशी झाली की दोनशे माणसांचं एका सुरात म्हणणं एदेल्मिरापेक्षाही सावकाश चालायचं, आणि त्यांचं संपायच्या आत दिवा विझवायची त्याला लाज वाटायची.

“काल फार लवकर डोळे उघडले माउलीने,” पेढीवर कुणीतरी तक्रार केली होती. त्या दिवसापासून अबेलिनोने कोपराखाली उशी घ्यायला सुरुवात केली.

सहाव्या दिवशी जिल्ह्याच्या गावाहून रेडिओवाले आले. नगराध्यक्ष फेर्मिन, गावाच्या तोंडी मानाने ‘दोन फेर्मिन’ (बाईला ‘दोन्या’ म्हणतात तसे), इतके दिवस गप्प होते, कारण नवे दिवे रोज बिघडतात ही बातमी त्यांना परवडणारी नव्हती. पण त्याच सकाळी वेधशाळेचं पत्र आलं: रोज काही मिनिटं अंधार ठेवल्याबद्दल यास्ना आणि तिच्या सहकाऱ्यांनी नगरपालिकेचे मनापासून आभार मानले होते. दोन फेर्मिननी ते पत्र तीनदा वाचलं, कोट चढवला आणि रेडिओवर सांगून टाकलं, “ही आमच्या नगरपालिकेची तारे-बचाव योजना आहे.”

त्यावरून चौकात जुंपली.

“योजना? दोन फेर्मिन, तुमच्या पालिकेला नळाला पाणी आणता येत नाही आणि तुम्ही माउलीचे डोळे मिटवता?”

“दोन्या क्लोरिंदा, मी कागद दाखवू शकतो.”

“दाखवा! कागदावर माउलीची सही आहे का?”

अर्धा गाव चमत्काराच्या बाजूने, अर्धा योजनेच्या. फादर नाझारियो रविवारी प्रवचनाला उभे राहिले तेव्हा चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. वीस वर्षांत एवढी गर्दी त्यांनी फक्त भूकंपानंतर पाहिली होती. “अंधारातही काही सांगणं असतं, मुलांनो,” ते म्हणाले आणि घाईघाईने पाण्याचा ग्लास तोंडाला लावला. पहिल्या बाकावर बसलेल्या एदेल्मिराला वाटलं, फरशी दुभंगावी.

“आपण देवाच्या नावाने लबाडी करतोय, म्हाताऱ्या,” घरी आल्यावर ती म्हणाली.

“आपण कुठे काय म्हणालो? लोक म्हणतात.”

“तेच तर.”

तरी सातवी आणि आठवी संध्याकाळ तिने निभावली, कारण नऊ वर्षांच्या तोंडाशी आलेला नवस होता, आणि अबेलिनोचा पाय होता. तो पायही हल्ली भिंतीवर चढून चढून दुखायला लागला होता, आणि ते दुखणं नवसाचं की भिंतीचं, हे तिला ठरवता येत नव्हतं.

आठव्या संध्याकाळनंतर दारावर थाप पडली. बाहेर एक अनोळखी म्हातारी. वरच्या डोंगरातल्या वस्तीवरून दोन बस बदलून आलेली, हातात मेणबत्ती, पायांत पोराचे बूट.

“पाणी देतेस का, बाई? तुमची माउली डोळे मिटते ते बघायला निघाले होते, पण बस उशिरा आली. आता उद्या बघूनच जाईन. डोळे जायच्या आत एकदा बघावं म्हटलं.”

एदेल्मिराने तिला पाणी दिलं, सूप दिलं, पलंग दिला. आणि स्वतः चुलीपाशी बसून राहिली. सकाळी अबेलिनो उठला तेव्हा खाणीतला दिवा खुंटीवर नव्हता.

“आज दिवा नाही,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“म्हणजे नाही. माउलीला दाखवायच्या असतील तर ती दाखवेल. नाहीतर पुढच्या जानेवारीत पहिल्यापासून सुरू करू.”

“पहिल्यापासून? अगं म्हातारे, मी शहात्तर वर्षांचा आहे! अजून नऊ वर्षं?”

“मग जगावं लागेल तुला. त्याला इलाज नाही.”

अबेलिनोने कपाट पाहिलं, पिठाचा डबा पाहिला, कोंबड्यांचं खुराडंही पाहिलं. दिवा सापडला नाही, कारण तो एदेल्मिराच्या शालीखाली होता, आणि संध्याकाळी ती अंगणात खुर्ची टाकून तो मांडीवर घेऊनच बसली.

सणाच्या आदल्या दिवसाची गर्दी चौकात मावत नव्हती. नाचणाऱ्या मंडळींनी ढोल आणि बासऱ्यांच्या तालावर इतकी धूळ उडवली होती की मनोरा धुक्यात उभा असल्यासारखा दिसत होता. अंधार पडला. दिवे लागले. ढोल थांबले. लोक थांबले.

मनोरा लखलखत राहिला.

एक मिनिट गेलं. कुणीतरी खाकरलं. एक पोर विचारू लागलं, “आई, आज का नाही मिटत?” दुसरं मिनिट गेलं. एदेल्मिराने मान वर करून पाहिलं. नुसतं दूध आणि पीठ. तिने डोळे मिटले. माउली, मीच बटण दाबलं, ती मनात म्हणाली, मीच निस्तरीन. पाय तेवढा सांभाळ. तो तुझ्याकडे ठेवलेला आहे.

डोळे उघडले तर सगळीकडे काळोख होता.

आधी तिला वाटलं, आपले डोळेच गेले. मग चौकातून तो ओळखीचा “ओहो!” उठला. तिने झटकन अबेलिनोकडे पाहिलं. तो तिच्या शेजारीच उभा होता, दोन्ही हात रिकामे, तोंड उघडं. तिने मांडीवर चाचपलं. दिवा जागेवर, थंडगार. तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. नऊ वर्षांत माउलीने तिला पहिल्यांदाच उत्तर दिलं होतं.

“म्हातारे,” अबेलिनो कुजबुजला, “तिकडे बघ.”

धुळीमुळे ते अगदी स्पष्ट दिसत होतं. फादर नाझारियोंच्या माडीच्या खिडकीतून एक बारीक, पिवळा झोत निघाला होता. नगरपालिकेच्या सज्जातून दुसरा, जरा रुबाबदार. वेधशाळेच्या जीपच्या टपावरून तिसरा, तांबडट, पण त्याचा उपयोग होत नसावा, कारण बघता बघता तो विझला आणि पांढरा लागला. एम्पानादाच्या कढईमागून चौथा. आणि त्याच्याच शेजारून पाचवा, थरथरणारा, कधी खोक्यावर तर कधी कबुतरांवर पडणारा. पाचही झोत मनोऱ्याच्या पायथ्याच्या त्या करड्या खोक्यावर येऊन भिडले होते.

चौकातल्या एकाही माणसाने त्या झोतांकडे पाहिलं नाही. सगळ्यांच्या माना वर होत्या.

एदेल्मिराने मान वर केली. तिघी जागेवर होत्या. आपल्याच अंगणातून, आपल्याच डोळ्यांनी. तिने तीनदा नमो मरिया म्हटलं, नेहमीपेक्षाही सावकाश. मग जरा विचार करून चौथ्यांदा म्हटलं, बॅटऱ्यांसाठी.

दुसऱ्या दिवशी, सणाच्या सकाळी, मिस्साच्या प्रार्थनेच्या बऱ्याच आधी ती पापांची कबुली द्यायला चर्चमध्ये गेली. आपण पहिल्या असू, असं तिला वाटलं होतं. पण फादर ज्यात बसून कबुली ऐकतात त्या लाकडी खोपटापुढे रांग होती.

सगळ्यांत पुढे दोन फेर्मिन, कोट घालून, छताकडे बघत. त्यांच्यामागे यास्ना, अवघडून, हात कुठे ठेवावेत ते न कळून. तिच्यामागे क्लोरिंदा. आणि क्लोरिंदाच्या दंडाला धरून डोंगरातली म्हातारी.

“कोमाद्रे,” एदेल्मिरा म्हणाली, “मला तुला काही सांगायचंय. ते दिवे जायचे ना...”

“अबेलिनो करायचा. माहीत आहे.”

“कधीपासून?”

“पहिल्या संध्याकाळपासून. अगं, काळोखात एवढा मोठा झोत तुमच्या भिंतीवरून निघायचा आणि थेट खोक्यावर पडायचा. आंधळ्यालाही दिसला असता. तुझ्या नवऱ्याने तीस वर्षं खाणीत काढली, पण अंधारात उजेड दिसतो हे त्याला कुणी शिकवलं नाही.”

 “म्हणजे... सगळ्या गावाला?”

“सगळ्या. तुझा नवस कुणाला ठाऊक नाही? आणि मग चांदण्या बघायची सवयच लागली लोकांना. काल झोत आला नाही तेव्हा मी म्हटलं, म्हातारा पडला वाटतं पुन्हा झाडावरून! म्हणून माझी बॅटरी काढली. मला काय ठाऊक, हे सगळेच खिशात बॅटऱ्या घेऊन आलेत.”

दोन फेर्मिननी छताकडे अधिकच लक्ष दिलं. यास्ना कानापर्यंत लाल झाली. “मी तशी लहानपणच्या पहिल्या कम्युनियननंतर इथे आले नव्हते,” ती पुटपुटली. “पण काल वेधशाळेतली बॅटरी न विचारता आणली होती.”

“आणि तुम्ही, आजी?” एदेल्मिराने म्हातारीला विचारलं. तिच्या डोळ्यांत बघायचं तिला धाडस होत नव्हतं.

“मला या बाईने एक बॅटरी दिली, खोक्यावर धरा म्हणाली, मी धरली,” म्हातारी म्हणाली. “हात हलत होता, पण धरली. एवढ्या लांबून चमत्कार बघायला आले, तो करायलाच मिळाला. पाप असेल तर सांगून मोकळी होते. बसला अजून वेळ आहे.”

तेवढ्यात दोन फेर्मिन खाकरले आणि त्यांनी खोपटाच्या दारावर टाचलेल्या एका चिठ्ठीकडे बोट दाखवलं. अक्षर फादर नाझारियोंचं होतं, नेहमीपेक्षा जरा वाकडं. ‘पहिल्या बसने शेजारच्या गावच्या फादरांकडे कबुली द्यायला गेलो आहे. दहाच्या मिस्साला परत येईन.’

सगळ्यांनी ती चिठ्ठी पाळीपाळीने वाचली. 

“चला,” शेवटी एदेल्मिरा म्हणाली, “तोवर चहा घ्या माझ्याकडे. आज उपास नाही.”